चौदा पिवळी मतं

राजाबाईनं आपल्या नवऱ्याला माणसावर ओरडताना जन्मात एकदाच ऐकलं. मेंढरांवर ओरडायचा तो रोजच, ते सोडा. मेंढरांवर ओरडणं म्हणजे धनगराचं साधं बोलणं. पण माणसापुढं येडूचा आवाज कायम खालच्या पट्टीत, घशात कुसळ अडकल्यासारखा. त्या दिवशी मात्र गावातल्या शाळेच्या मागच्या खिडकीतून तो आवाज आला आणि राजाबाईला वाटलं, आत कुणी दुसराच येडू असणार.

पंचायतीच्या निवडणुकीची मोजणी नुकतीच संपलेली. बापय माणसं शाळेपुढं, बाया मागं बोरीच्या सावलीला. राजाबाई उठून खिडकीखाली गेली. खिडकीला काच नव्हतीच.

"सही करू नगा, आबा! पाया पडतो, तेवढी सही करू नगा!"

"अरे, हळू. शाळा आहे ही." हा आवाज मानसिंगरावांचा. गावातले शिकलेले, शहाणे, सोलापूरच्या कॉलेजात दोन वर्षं काढून आलेले. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. उमेदवार तेच होते, आणि पडले होतेही तेच.

"शाळंला सुट्टी हाय आज. चौदा कागद बाजूला टाकल्यात सायबानं. चौदा! आन तुमी पडला नवांनं. मी दुसरीतनं पळालेला गडी, पण चौदातनं नऊ गेलं की पाच ऱ्हात्यात, एवढं मेंढरं मोजणाऱ्याला कळतं की."

"नियम आहे, येडू. मतपत्रिकेवर मत देणाऱ्याची ओळख पटेल अशी काही खूण दिसली, की ती बाद."

"खूण? भंडारा हाय त्यो! आमच्या बिरोबाचा!"

"तेच तर म्हणतोय मी. पिवळं दिसलं की धनगरवस्तीचं मत, हे कुणालाही कळेल. मग गुप्त काय राहिलं?"

"शिक्का तरी बगा की! चौदाच्या चौदा छत्रीवर. तुमच्या छत्रीवर! सायेब सोता म्हणला, उमेदवारानं हरकत लिवून दिली तर वर पाठवतो. ह्या कानानं ऐकलंय."

मग आबांचा समजुतीचा आवाज आला, लहान लेकराच्या डोक्यावरून हात फिरवावा तसा.

"पाच-पन्नास मतांसाठी गावात वैर नको, येडू. आधीच दुष्काळानं माणसं चिडलेली आहेत. माणसानं हरावं, तर मोठ्या मनानं हरावं."

"तुमचं मन मोठं हाय, आबा. आमच्या घागरी बारक्या हायत्या."

"झालं बोलून? आता एक काम कर. तो हार आण."

"कंचा हार?"

"दुपारी मंगळवेढ्याहून आणलास तो. कुंडलिकच्या गळ्यात मीच घालतो."

खिडकीखाली उभ्या राजाबाईनं आपला उजवा तळहात उघडून पाहिला. रेघारेघांत पिवळं अजून होतं. देवाचा भंडारा पुसायचा नसतो म्हणून तिनं सकाळपासून हात धुतला नव्हता. चौदातलं एक मत तिचं होतं.

आता हा येडू कोण, ते सांगायला पाहिजे.

गाव मंगळवेढ्यापासून तीन कोसांवर, काळ्या रानाचं, ज्वारीचं. गावापासून कोसभर वर, माळावर, धनगरांची वस्ती: बावीस घरं, एक बिरोबा आणि पाणी नाही. येडू तिथला. आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं त्याचं नाव असं ठेवलं, की देवानं बघावं आणि म्हणावं, हे येडंच आहे, राहू दे. देवानं राहू दिला. साठ मेंढरांचा कळप होता त्याचा. बहात्तरच्या दुष्काळात त्यातली अकरा उरली. मग येडू आणि राजाबाई सगळ्यांबरोबर खडी फोडायला गेले, सुकडी खाल्ली, तांबडा मिलो खाल्ला, आणि जगले.

त्या दुष्काळात मानसिंगरावांनी आपली विहीर वस्तीला खुली केली. कुणी न सांगता. "पाणी कुणाच्या बापाचं नसतं," म्हणाले. माणूस खरोखर भला. त्यात खोट काढायला जागा नव्हती आणि पुढं सगळी अडचण तीच झाली. विहीर वस्तीपासून कोसभर खाली. भरली घागर घेऊन चढ चढायचा. पण आपलीच विहीर असल्यासारखं पाणी, म्हणून वस्ती आबांच्या पायाशी.

येडूला हाराचं काम लागलं ते तेव्हाच. कुणी पुढारी दुष्काळी काम बघायला येणार होते. हार आणायला दोनदा माणूस पाठवला. एकाचा एस्टीत चेंगरला, दुसऱ्याचा उन्हानं सुकून दोरा तेवढा राहिला. तिसऱ्या वेळी आबांनी येडूला धाडलं. येडूनं हार ओल्या फडक्यात गुंडाळला, तांब्याभर पाणी बरोबर ठेवलं, वाटेत दोनदा शिंपडलं आणि आजच जन्मलेलं कोकरू आणावं तसा दोन्ही हातांवर धरून, अख्ख्या एस्टीत उभ्यानं, तो हार आणला. एक पाकळी पडली नव्हती.

तेव्हापासून लग्न असो, झेंडावंदन असो, मास्तरांची बदली असो, गावाला हार हवा की हाक येडूला. बायका चेष्टा करायच्या. "राजे, तुजा दादला एवढं हार आणतो, तुझ्या गळ्यात एक तरी घातला का गं?" राजाबाई म्हणायची, "घातला की. ह्यो सौंसार."

मग निवडणूक आली आणि निवडणुकीच्या मागं हापसा आला. म्हणजे तालुक्यात बोरिंगची गाडी येणार होती. एका गावाला एक हापसा, आणि तो कुठं बसवायचा ते पंचायत ठरवणार. बाकीचे मेंबर निम्मे इकडे, निम्मे तिकडे. वस्तीच्या वॉर्डातली एक जागा जो जिंकेल तोच सरपंच, हे उघड होतं. एका बाजूला आबा, छत्री घेऊन. दुसऱ्या बाजूला कुंडलिकराव, शिडी घेऊन. आबा वस्तीवर आले, बिरोबापुढं नारळ फोडला आणि म्हणाले, "मी निवडून आलो तर हापसा इथं. ह्या लिंबाखाली."

एवढं ऐकल्यावर येडूची झोप गेली. बायांच्या डोक्यावरचं ओझं जाणार होतं. राजाबाईच्या डोक्याच्या मधोमध तर घागरीनं केस घासून टक्कल पडलेलं. येडू ते बघायचा आणि काही बोलायचा नाही. चांगला गडी, पण बोलायचं राहून जायचं त्याचं.

मताच्या दिवशी सकाळी त्यानं सगळी वस्ती बिरोबापुढं गोळा केली.

"भंडारा उचलायचा," म्हणाला. "कुणी चहाला फुटायचं न्हाय, कुणी पाव्हण्याच्या भिडंला पडायचं न्हाय. देवाचा भंडारा हातावर घिऊन म्हणायचं, छत्री."

प्रत्येकाच्या हातावर त्यानं स्वतः चिमूट ठेवली. थोरली चुलती केराबाई सत्तरीला आलेली, तिला एका डोळ्यानं दिसायचं. ती म्हणाली, "येड्या, चिमूट कसली देतोस? मूठ दे. माजं मत बारकं हाय व्हय?" त्यानं तिला मूठ दिली.

बापयांनी भंडारा कपाळाला लावला, उरलेला धोतराला पुसला आणि तंबाखू मळायला घेतली. बायांनी मात्र पुसला नाही. देवापुढं बोललेला शब्द मत देईपर्यंत हातात असावा, असं केराबाईनं सांगितलं. उन्हाळ्याचे दिवस. हात घामेजलेले. रांगेत दोन तास. त्या ओल्या पिवळ्या हातांनी बायांनी कागद घेतले, शिक्के मारले, घड्या घातल्या आणि पेटीत टाकले. केराबाईच्या कागदावर तर चार बोटं आणि अंगठा असा पुरता पंजा उमटला होता म्हणतात.

मोजणीत कुंडलिकरावांचा माणूस म्हणाला, हे काय? सायेब म्हणाले, हे बाद. आणि पुढचं राजाबाईनं खिडकीतून ऐकलंच.

आबांनी सही केली. वर आपल्या हातानं लिहून दिलं, हरकत नाही.

मग शाळेच्या पायरीवर समारंभ झाला. येडूनं हार आणून दिला, दोन्ही हातांवर, नेहमीसारखा. आबांनी तो कुंडलिकरावांच्या गळ्यात घातला आणि दोन शब्द बोलले. "लोकांनी कौल दिला. तो मी डोक्यावर घेतो. कुंडलिक मला धाकट्या भावासारखा आहे. आजपासून गावात दोन पार्ट्या नाहीत." कुंडलिकराव हे गडी तसे आडदांड, पण त्यांचेही डोळे भरले. "आबा," म्हणाले, "जितला तुमी, हरलो मी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या माणसांनी पटके डोळ्यांना लावले. असा हरणारा माणूस पाहिला नाही, असं जो तो म्हणायला लागला.

टाळ्या थांबल्या तशी मागून केराबाई मोठ्यानं म्हणाली, "मग हापसा कुनाचा?"

राजाबाईनं तिला पदराला धरून खाली बसवलं.

त्या रविवारी सोलापूरच्या कुठल्याशा पेपरात चार ओळी छापून आल्या, अमुक गावात उमेदवारानं पराभव कसा दिलदारीनं स्वीकारला म्हणून. आबांनी तो तुकडा कापून काचेत बसवला आणि बैठकीत लावला. येडूला वाचून दाखवला. येडू म्हणाला, "ब्येस हाय." घरी येऊन बसला आणि जेवला नाही.

आठव्या दिवशी तो सोलापूरला गेला, कुणाला न विचारता. कनवटीला कागदाची पुडी. राजाबाईनं विचारलं, "त्यात काय?"

"पुरावा."

पुडीत भंडारा होता. सायबाला हुंगायला द्यायचा, म्हणजे त्याला कळेल की ही खूण नाही, हळद आहे, देवाची आहे, असं त्याच्या डोक्यात. राजाबाई हसली नाही. तिलाही ते पटलं होतं.

सोलापुरात गिरणीचा भोंगा झाला तेव्हा तो कचेरीच्या व्हरांड्यात पोचला. दारावर शिवप्पा नावाचा पट्टेवाला, होटगीकडचा, अर्धं कानडी बोलणारा. "एन बेकु?" म्हणाला. काय पाहिजे? येडूनं सगळं सांगितलं. शिवप्पानं ऐकून घेतलं, पुडी उघडून बघितली, डोळे मिटले आणि त्यातला भंडारा कपाळाला लावला. "भाळ छलो," म्हणाला, लई चांगला. पुराव्याचं तिथंच एवढं झालं.

आतले कारकून वाईट नव्हते. त्यांनी नोंद शोधली. "हे बघा, निकालावर उमेदवारांची सही आहे. हरकत नाही, असं त्यांनीच लिहून दिलंय. ज्यांचं गेलं ते म्हणतात माझं काही गेलं नाही. मग तुमचं काय गेलं?"

येडू उभा राहिला. सोलापूरकर उभारला म्हणतील, तसा नुसता उभारला. त्याला उत्तर माहीत होतं. पण कचेरीत सांगावं असं ते नव्हतं. बायकोच्या डोक्यावर टक्कल पडलंय, हे सायबाला कसं सांगायचं?

परत आल्यावर राजाबाईला त्यानं एवढंच सांगितलं, "शिवप्पा भला मानूस हाय."

"समदेच भले हैत," राजाबाई म्हणाली.

हापसा आला. बसवला कुंडलिकरावांच्या दारापुढं, मारुतीच्या चौकात, गावाला सोयीचं पडेल म्हणून. दीडशे फुटांवर पाणी लागलं. पहिल्या पाण्याला हार घालायचा, नारळ फोडायचा. नारळ आबांच्या हस्ते, कुंडलिकरावांनीच मान दिला. आणि हार आणायला, अर्थातच, येडू.

सकाळी तो निघाला तेव्हा राजाबाईनं तांब्या भरून त्याच्या हातात दिला, आदळतच.

"फुलास्नी पानी हाय. मानसास्नी न्हाय."

"आगं, फुलं सुकत्यात."

"आन आमी?"

तो तांब्या घेऊन गेला.

दुपारी ती चौकात गेली, सगळ्या वस्तीबरोबर. हापशाच्या दांड्याला हार लोंबत होता. येडूच्या हातात ओलं फडकं. ते पिळून त्यानं गोल वळलं, चुंबळ केली आणि राजाबाईच्या डोक्यावर ठेवली. वर भरली घागर चढवली. डोक्याला गार लागलं. तेवढंच त्याला करता येण्यासारखं होतं, आणि पुढं प्रत्येक हाराच्या दिवशी ते त्यानं केलं. राजाबाई चिडलेली असायची, पण चुंबळ घ्यायची.

"आबास्नी काय," चढ चढताना ती म्हणाली. "हरायला बी घरात हीर लागती."

मागून येडूच्या पायताणांचा आवाज तेवढा आला.

येडूनं प्रयत्न सोडला असं नाही. पण भांडायचं तरी कुणाशी? आबांकडं गेला की आबा म्हणत, "कुंडलिकच्या कानावर घातलंय. होईल. तोवर माझी विहीर आहेच की." कुंडलिकरावांकडं गेला की ते उठून खांद्यावर हात ठेवत, "येडूबा, व्हईल की! वस्ती म्हंजी आपलीच मानसं. चा घ्या." दोघांच्यात इतका गोडवा, की मधल्या माणसाला कडू तोंड करायचीही लाज वाटावी. पूर्वीच्या कुंडलिकरावांनी निदान शिव्या तरी दिल्या असत्या! शिव्या देणाऱ्याच्या दारात माणूस बसून राहतो. चहा देणाऱ्याच्या दारातून उठून यावं लागतं.

आणि वस्तीत तरी सुख कुठं? तिथं गावाइतकं मोठं मन कुणाचंच नव्हतं. "कुनी उचलायला लावला भंडारा?" बाया पाणवठ्यावर एकमेकींना विचारायच्या, येडू ऐकेल एवढ्या मोठ्यानं. पोरंसोरं त्याला पिवळा एजंट म्हणायची. केराबाई एकटी म्हणायची, "देवानं मतं खाल्ली. भूक लागली आसंल त्याला. तुमी काय नैवेद्य दावत हुता?" येडू तेवढ्यापुरता हसायचा. पण त्यानंतर बिरोबाच्या जत्रेत त्यानं भंडारा हातानं कधी घेतला नाही. पळसाच्या पानावर घ्यायचा, पानानंच कपाळाला लावायचा, आणि तरी हात धोतराला पुसायचा. दोनदा, तीनदा.

एकदा मंगळवेढ्याहून हार आणताना तो साबणाची एक वडी घेऊन आला. अंग धुवायची, गुलाबी, कागदात गुंडाळलेली. वस्तीत तसला साबण कुणी वापरत नव्हतं. राजाबाईला वाटलं, आपल्याला आणली. तिनं हात पुढं केला.

"ही पुढच्या मताला," येडू म्हणाला, आणि वडी आढ्याच्या वाशावर, उंदीर पोचणार नाहीत अशा जागी ठेवून दिली.

बेत साधा होता. पुढच्या निवडणुकीला सकाळी बायांनी आधी साबणानं हात धुवायचे. मग मत. मग बिरोबाला येऊन भंडारा. हा क्रम त्यानं वस्तीला पाठ करायला लावला. "आदी साबन, मग मत, मग भंडारा," जत्रेत, बारशात, लोकर कातरताना, दिसेल त्या बाईला तो विचारायचा, "काकू, आदी काय?"

"आदी चा!" बाया म्हणायच्या आणि फिदीफिदी हसायच्या.

केराबाई विचारायची, "साबन लावून मत द्याचं? येड्या, मताला चाललोय का सोयरिकीला?" पण म्हणून दाखवायची ती बरोबर. पाचव्या वर्षापर्यंत ती दुसऱ्या डोळ्यानंही आंधळी झाली होती, तरी क्रम चुकायची नाही. "मला निस्तं शिडीजवळ न्हेऊ नगंस," म्हणायची. "छत्रीवर हात ठिव, शिक्का मी हानते."

पाच वर्षं ती वडी आढ्याला राहिली. राजाबाई सारवताना वर बघायची. कागदाचा रंग उडाला, पण वास होता.

आणि मग निवडणूक आली नाही.

म्हणजे आली, तारीखही लागली. पण आबांनी चावडीत सगळ्या गावाला बोलावलं. केस पांढरे झालेले, आवाज तसाच गोड. म्हणाले, "पाच वर्षं गाव एका दिलानं चाललं. आता परत निवडणूक करायची, भावाभावांत भिंती घालायच्या, कशासाठी? कुंडलिकनं सरपंच राहावं. आमच्या धोंडीरामनं एका जागेवर बसावं. जेवढ्या जागा तेवढेच फॉर्म भरलेत. बिनविरोध." धोंडीराम म्हणजे आबांचा पुतण्या. कुंडलिकरावांनी उठून आबांच्या पायांना हात लावला. परत टाळ्या.

येडू दाराजवळ उभा होता. हळूच म्हणाला, "आबा, मग मत?"

"मताची गरजच उरली नाही, येडू."

"आमचं चौदा ऱ्हायलं हुतं."

लोक हसले. वाईट हसणं नव्हतं ते. आपल्या माणसाला हसतात तसं. आबाही हसले, आणि म्हणाले, "तू विसरणार नाहीस म्हणजे! बरं, परवा सत्कार ठेवलाय. दोन हार लागतील या वेळी. एक कुंडलिकला, एक मला. मी नको म्हणत होतो, पण लोक ऐकत नाहीत."

घरी आल्यावर राजाबाई भाकरी थापता थापता तापली. "तुमीच का न्हाय भरला फारम? वस्तीनं दिली आसती की मतं!"

येडूनं विचार केला. खरंच केला, थोडा वेळ. मग म्हणाला, "मी उबारल्यावर हार कोन आनंल?"

राजाबाईला आधी राग आला आणि मग हसू आलं, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की तो चेष्टा करत नाही.

साबणाची ती वडी आढ्यावरून खाली आली ती त्याच आठवड्यात, येडूच्या शेवटच्या आंघोळीला. केराबाईनं चाचपून वास घेतला आणि म्हणाली, "आदी साबन." पुढचं बोलली नाही. पण ते नंतरचं. त्याच्या आदल्या दिवशी सत्काराचे हार आणायचे होते, ते त्यानं आणले.

थंडीपासून त्याची छाती दुखत होती. राजाबाई म्हणाली, "आज नगा जाऊ. दुसरं कुनी जाईल."

"दुसऱ्याच्या हातात चेंगरत्यात."

तिनं तांब्या भरून दिला, नेहमीसारखा आदळतच. तो पहाटेच्या एस्टीनं गेला.

उन्हाळा होता. आबांच्या विहिरीनं तळ गाठला होता, म्हणून वस्तीच्या बाया गावातल्या हापशावर यायच्या. गावाचं भरून झाल्यावर त्यांचा नंबर. राजाबाई रांगेत होती. दहाच्या सुमाराला एस्टी चौकात आली. सगळी माणसं उतरल्यावर येडू उतरला, पाठमोरा, एकेक पायरी चाचपत, दोन्ही हातांवर फडक्यात गुंडाळलेले दोन हार. तोंड पांढरं पडलं होतं. उन्हानं फडकं वाळलं होतं आणि तांब्यातलं पाणी संपलेलं.

तो हापशाजवळ आला. "हार हैत, हार हैत, बाजूला व्हा गं," कुणीतरी म्हणालं आणि रांग फुटून वाट झाली. माणसांसाठी ती रांग कधी फुटायची नाही. राजाबाईनं दांडा धरला आणि हापसलं. हापशानं दोनदा कोरडा घास घेतला, मग पाणी आलं. येडूनं फडकं भिजवलं, फुलांवर शिंपडलं, हार हलवून एकेक पाकळी बघितली.

"तुमी प्या की घोटभर," राजाबाई म्हणाली.

"हे दिऊन येतो."

चावडीच्या पायऱ्या तो मधे एकदा थांबून चढला. आबा दारातच होते. त्यांनी हार घेतले, वर करून बघितले आणि म्हणाले, "वा! येडूचा हात तो येडूचाच." येडू मागं सरकून हात धोतराला पुसत राहिला, दोनदा, तीनदा. आत भाषण सुरू झालं. तो तिथं थांबला नाही.

राजाबाईची घागर भरली होती. तिच्यापाशी येऊन तो ओंजळभर पाणी प्याला. मग ओलं फडकं पिळलं. पिळलेलं पाणी मातीत जाऊ न देता घागरीतच धरलं. फडकं गोल वळलं, चुंबळ तिच्या डोक्यावर, मधोमध, त्या टकलावर नीट बसवली. दोन्ही हातांनी घागर उचलून वर ठेवली आणि तोल येईपर्यंत हात लावून उभा राहिला.

"चल," म्हणाला. "चढ हाय."